जेसीबी दारात यायच्या आधी: घरच्या खोदाईसाठी मशीनवाला कसा ठरवायचा

पहिल्यांदा जेसीबी बोलावला तेव्हा मी सगळं विचारलं होतं. फक्त तास कधीपासून धरायचा, तेवढं राहिलं. मशीन नऊला त्यांच्या गावातून निघालं, दहाला आमच्या प्लॉटवर पोहोचलं, एक ते दोन जेवणाची सुट्टी झाली आणि चारला काम उरकलं. बिल आलं सात तासांचं. मालक म्हणाला, "आम्ही निघाल्यापासून धरतो, साहेब. इकडं सगळेच तसं धरतात." वाद घालायला मला जागाच नव्हती, कारण या गोष्टी तोंडी ठरतात आणि जे ठरलं नाही ते मशीनवाल्याच्या पद्धतीने होतं.

त्यानंतर घराचा पाया, शोषखड्डा, पाइपलाइनचा चर आणि परड्याचं सपाटीकरण अशी चार कामं साताऱ्याच्या पट्ट्यात करून घेतली. आता भावकीत कुणाचं बांधकाम निघालं की फोन मला येतो. फोनवर जे सांगतो ते इथे लिहितो आहे.

आधी कागद, मग फोन

मशीनवाल्याचा पहिला प्रश्न असतो, "काम काय आहे?" "घराचा पाया आहे" एवढंच सांगितलंत तर तोही "बघू, होईल दिवसभरात" एवढंच सांगेल. म्हणून फोन करायच्या आधी वहीचं एक पान घ्या. किती खड्डे, प्रत्येकाची लांबी-रुंदी-खोली, मशीन कुठून आत येणार, माती कुठे पडणार, हे त्यावर लिहा. इंजिनिअरकडून फुटिंगचा, म्हणजे कॉलमखालच्या पायाचा, नकाशा मिळालेला असेल तर सगळी मापं त्यातच असतात.

खोदाईचा हिशेब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. समजा बारा कॉलम आहेत आणि प्रत्येक खड्डा 5 बाय 5 आणि 5 फूट खोल. एका खड्ड्याचे 125 घनफूट, बाराचे 1,500, म्हणजे 15 ब्रास. हे झालं जमिनीतलं माप. उकरलेली माती फुगते. मुरुमाला साधारण पाव हिस्सा जास्त धरा, फोडलेल्या दगडाला अर्धा किंवा त्याहून जास्त. त्यामुळे 15 ब्रासचा ढीग 19 ब्रासच्या घरात जातो. हा ढीग प्लॉटवर मावणार का, हे आजच बघा. आमच्या शेजाऱ्यांनी बघितलं नव्हतं. त्यांची निम्मी माती रस्त्यावर आली आणि दुधाची गाडी अडली. त्यावरून जे ऐकावं लागलं ते वास्तुशांतीपर्यंत पुरलं.

जमीन कशी आहे ते मशीनच्या आधी कळायला हवं

दराची बोलणी नेहमी मातीवर होतात आणि खर्च वाढतो तो खालच्या दगडावर. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (अर्धा कच्चा, झिजलेला दगड), त्याखाली काळा पाषाण, असे थर आमच्याकडे सगळीकडे आहेत. कुठला थर किती फुटांवर लागेल हे मात्र गल्ली बदलली की बदलतं. काळ्या मातीत आणि मऊ मुरुमात मशीनच्या मागच्या हाताचं बकेट सहज चालतं. मांजऱ्याला लागलं की दात घासत, खरवडत जातं. पाषाणाला दगड फोडणारा ब्रेकरच लावावा लागतो आणि ब्रेकरच्या तासाचा दर बकेटच्या दीडपट ते दुप्पट असतो. कोकणात जांभ्याचा प्रश्न निराळा. वरचा थर कडक, खाली मऊ, त्यामुळे सुरुवातीलाच ब्रेकर मागावा लागेल असं गृहीत धरा.

शेजाऱ्याची विहीर बघा. आतल्या भिंतीवर सगळे थर उघडे दिसतात. अलीकडे गल्लीत कुणी बांधकाम केलं असेल तर त्या घरी चहाला जा. यातलं काहीच जमत नसेल तर दोन गडी लावून एका कोपऱ्यात तीन-चार फुटांचा खड्डा मारून घ्या. त्या दोन हजेऱ्या पुढे भरून निघतात.

काळ्या मातीबद्दल एक गोष्ट इंजिनिअर सांगतोच, तरी सांगतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यात थांबवायचा नाही, खालच्या पक्क्या मुरुमापर्यंत न्यायचा. त्यामुळे नकाशात पाच फूट लिहिलेली खोली जागेवर सहा होऊ शकते. मशीनवाल्याशी बोलताना हा एक फूट मनात असू द्या.

मशीन कोणतं मागायचं

आपल्याकडे पिवळं दिसलं की जेसीबी, मग ते कुठल्याही कंपनीचं असो. जे सी बी ही मूळच्या ब्रिटिश कंपनीच्या संस्थापकाच्या, जोसेफ सिरिल बामफर्डच्या, नावाची आद्याक्षरं आहेत. साखळीवर चालणाऱ्या मशीनला पोकलेन म्हणतो, तेही एका फ्रेंच कंपनीचं नाव. नावांचा गोंधळ चालतो, कामाचा चालत नाही.

चार टायरचं, पुढे मोठं बकेट आणि मागे हात असलेलं मशीन घराच्या बहुतेक कामांना पुरतं. रस्त्याने स्वतः चालत येतं, म्हणून आणण्याचा खर्च कमी. मागचा हात साधारण पंधरा फुटांपर्यंत खाली जातो. मशीनची रुंदी साडेसात फुटांच्या आसपास असते. मात्र खणताना ते दोन्ही बाजूंना पाय टेकवतं आणि हात डावी-उजवीकडे फिरवतं. त्यामुळे फाटक आठ फुटांचं असून भागत नाही, आत वळायलाही जागा लागते. बोळात किंवा बांधलेल्या घराच्या मागच्या अंगणात काम असेल तर छोटं पोकलेन विचारा. ते टेम्पोवर घालून आणावं लागतं, त्याचं भाडं वेगळं.

पाइपलाइनच्या चरासाठी मशीन बोलावत असाल तर फोनवरच बकेटची रुंदी विचारा. नेहमीचं बकेट दोन-अडीच फुटांचं असतं. चार इंची पाइपसाठी अडीच फूट रुंद चर काढणं म्हणजे आधी उकरायचे पैसे द्यायचे आणि मग बुजवायचे. एक फुटी बकेट बऱ्याच जणांकडे असतं, पण गोठ्यात पडलेलं असतं. सांगितलं तरच लावून आणतात.

मशीनवाला शोधायचा कसा

हार्डवेअरचं दुकान, वीटभट्टी, ग्रामपंचायतीसमोरची चहाची टपरी, यांपैकी एका ठिकाणी दहा मिनिटं बसलात तर तीन नंबर मिळतात. त्यातून निवडताना मी मशीनपेक्षा ऑपरेटर बघतो. मालक एक असतो आणि दिवसभर काम करणारा दुसराच. नवशिका ऑपरेटर पाच फुटांचा खड्डा सहा फूट रुंद करतो, मग वाढलेल्या जागेत काँक्रीट तुमचंच जातं. म्हणून ज्याच्याकडे आधी काम झालंय त्याला "मशीन कुणाचं होतं" हे विचारून थांबू नका, "ऑपरेटर कोण होता" हेही विचारा आणि मालकाला सांगा की तोच माणूस हवा.

शक्य असेल तर तो दुसरीकडे काम करत असताना जाऊन बघा. खड्ड्याच्या कडा सरळ आहेत का? माती काठावर टाकतोय की लांब? हेल्परशी बोलताना हात थांबवतो का? पाच मिनिटांत कळतं.

मशीनची कागदपत्रं मागायला लाज वाटून घेऊ नका. आरसी, चालू विमा आणि ऑपरेटरचा परवाना, तिन्हीचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. शेजाऱ्याची भिंत पडली किंवा माणसाला लागलं तर पहिला प्रश्न विम्याचा येतो. टाळाटाळ करणारा मशीनवाला मी सोडून देतो, मग दर शंभर रुपयांनी कमी का असेना.

आणि वेळ. मार्च ते मे या काळात शेततळी, बांधबंदिस्ती आणि लोकांची बांधकामं एकत्र येतात. "उद्या येतो" म्हणजे चार दिवसांनी. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत मशीन सवडीने मिळतं आणि ऑपरेटरही घाईत नसतो. पावसाळ्यात काळ्या रानात टायरचं मशीन आणू नका. ते रुतलं की काढायला दुसरं मशीन लागतं. त्याचे तास कुणी द्यायचे, यावर भर पावसात बोलणी होतात.

तासावर, ब्रासवर, की उक्तं

तीन पद्धती आहेत. उक्तं म्हणजे सगळं काम एका रकमेत. जमीन दोघांनाही पक्की माहीत असेल तरच हे करा. नाहीतर दगड लागला की मशीनवाला काम अर्धवट टाकतो, नाहीतर खड्डे उथळ ठेवतो. ब्रासवरचा दर मोठ्या कामाला बरा पडतो, त्यात माप घ्यायचं ते खड्ड्याचं. ढिगाचं किंवा ट्रॉलीचं माप घेतलं की फुगलेल्या मातीचेही पैसे जातात. घरच्या छोट्या कामाला बहुतेक वेळा तासावरच ठरतं. आमच्याकडे सध्या बकेटचा तास 1,200 ते 1,500 च्या दरम्यान बोलला जातो. तुमच्या तालुक्यात तीन जणांना विचारा, तुमचा आकडा कळेल.

दर ठरला म्हणजे सगळं ठरलं असं नाही. तास कधीपासून, हे आधी. मी आता सांगतो, "प्लॉटवर मशीनचा तासमीटर वाचू, तिथून धरू. येण्या-जाण्याचं काय ते वेगळं सांगा." त्यावर कुणी एक तास धरतो, कुणी ठोक रक्कम घेतो. काहीही चालेल, फक्त आधी कळावं. मग कमीत कमी किती तास? बहुतेक जण दोन तास धरतात. म्हणजे अर्ध्या तासाच्या शोषखड्ड्यासाठी एकट्याने मशीन आणणं महाग पडतं. शेजारी कुणाचं काम असेल तर एकाच दिवशी घ्या. डिझेल कुणाचं? तासाच्या दरात धरलेलं असतं, तरीही तोंडाने वदवून घ्या. ऑपरेटरचा भत्ता, जेवण, बिघाड झाला तर थांबलेला वेळ, ब्रेकरचा दर, आणि ब्रेकर जोडायला-काढायला लागणारा वेळ कुणाच्या खात्यात, हेही त्यात आलं.

बोलणं झालं की लगेच मालकाला मेसेज करा: "ठरल्याप्रमाणे, मंगळवारी सकाळी आठ, बकेट तासाला इतके, ब्रेकर इतके, मीटर जागेवर वाचायचा, डिझेल तुमचं." त्याचा अंगठा आला की पुरे. आगाऊ रक्कम हजार-दोन हजारांपेक्षा जास्त कुणी मागितली तर मी दुसरा नंबर लावतो.

माती जाणार कुठे

नवखा माणूस इथे दोनदा पैसे घालवतो. उकरलेली माती नको म्हणून पहिल्याच दिवशी ट्रॉल्या भरून घालवतो आणि दोन महिन्यांनी जोत्यात भरायला मुरूम विकत आणतो. त्या 15 ब्रासमधलं बरंचसं फुटिंग झाल्यावर त्याच खड्ड्यांत परत जातं. म्हणून ऑपरेटरला दोन ढीग करायला सांगा: वरची काळी माती एकीकडे, खालचा मुरूम दुसरीकडे. काळी जोत्यात भरायची नाही, ती फुगून फरशी उचलते. बागेला मात्र ती सोनं आहे. मुरूम भराईला. एकदा दोन्ही मिसळलं की दोन्ही वाया.

माती प्लॉटबाहेर न्यायची असेल तर महसूल खातं मधे येतं. माती-मुरूम हे गौण खनिज आहे. त्याची रॉयल्टी राज्यात 2021 पासून ब्रासला 600 रुपये आहे आणि वाहतुकीला महाखनिज पोर्टलवरचा परवाना लागतो. विनापरवाना गाडी पकडली तर दंड बाजारभावाच्या पाचपट होऊ शकतो आणि गाडीही जप्त होते. त्याच प्लॉटमध्ये पायाची माती वापरली तर गोष्ट वेगळी. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये म्हटलं, की पायासाठी खणलेली माती तिथेच भराईला आणि सपाटीला वापरली तर केवळ खणली म्हणून तिच्यावर रॉयल्टी लागत नाही. तरीही काम सुरू करण्याआधी तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, भेटून या. बांधकाम परवानगीची प्रत बरोबर न्या. कुणी तक्रार केलीच तर तुम्ही आधी येऊन गेलात, हे त्यांच्या लक्षात असतं.

जमिनीखाली काय, डोक्यावर काय

आदल्या दिवशी प्लॉट पायी फिरा. ग्रामपंचायतीची नळाची लाइन कुठून जाते ते पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारा, नकाशापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. शेजाऱ्याची सांडपाण्याची पाइप, शेतकऱ्याची विहिरीवरून गेलेली लाइन, रस्त्याकडेची फायबरची केबल, जे कळेल त्यावर फक्की (आखणीची पांढरी भुकटी) टाका आणि ऑपरेटरला ती रेघ उभं राहून दाखवा. अशा रेघेच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन फूट टिकाव-फावड्याने उकरायचे, मशीनने नाही.

वर बघायला लोक विसरतात. मागचा हात उभा केला की तो घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत जातो. तारा खाली लोंबत असतील तर महावितरणच्या 1912 वर किंवा थेट वायरमनला सांगून काम होईपर्यंत लाइन बंद करून घ्या. "आपला ऑपरेटर जुना आहे, सांभाळून करेल" यावर अवलंबून राहू नका.

शोषखड्डा असेल तर जागा विहिरीपासून मोजा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 18 मीटर, म्हणजे सुमारे 60 फूट अंतर सांगितलं आहे. फक्त तुमच्या विहिरीपासून नाही, शेजाऱ्याच्या बोअरपासूनही. आमच्या जुन्या घरी हे अंतर वीस फूट होतं. ते कुणी मोजलं नव्हतं आणि पाण्याला वास येईपर्यंत कुणाला सुचलंही नव्हतं.

शेजाऱ्याच्या कंपाउंडला चिकटून खणायचं असेल तर त्याला आधी सांगा आणि भिंतीचे, जुन्या भेगांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. आजूबाजूच्या जमिनीला आपल्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळणं हा शेजाऱ्याचा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातच आहे. तुमच्या खड्ड्यामुळे त्याची जमीन सरकली तर जबाबदारी तुमच्यावर येते.

कामाचा दिवस

आउट टाकण्याचं, म्हणजे पाया जमिनीवर आखण्याचं, काम आदल्या संध्याकाळी संपवा. खुंट्या, सुतळी, फक्की. काटकोन 3-4-5 ने (एका बाजूला 3 फूट, दुसऱ्या बाजूला 4, तर तिरपं 5) तपासा आणि दोन्ही कर्ण मोजा. मिस्त्री सकाळी येऊन आखतो म्हणाला तर मशीन आणि मिस्त्री एकाच वेळी येतील आणि तुम्ही मीटरला पैसे देत सुतळी धरून उभे राहाल. नारळ, पूजा, भटजी, तेही मशीनच्या आधी. भूमिपूजनाचा फोटो जेसीबीसह हवा असेल तर इंजिन बंद ठेवून काढा.

मशीन आलं की पहिलं काम: ऑपरेटरबरोबर केबिनमध्ये चढा आणि तासमीटरचा फोटो काढा. आमच्या शेवटच्या कामाला सकाळी 4231.6 होतं आणि संध्याकाळी 4236.1. फरक 4.5, म्हणजे साडेचार तास. हा शेवटचा आकडा दशांश आहे, मिनिटं नाहीत. .1 म्हणजे सहा मिनिटं. 4.8 म्हणजे चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं, "जवळपास साडेपाच" नव्हे. हा मीटर इंजिन चालू असेपर्यंत पळतो, बकेट हलो न हलो. ऑपरेटर तंबाखू मळताना इंजिन चालू असेल तर चहाचा कप पुढे करून बंद करायला सांगा. हसतात आणि करतात.

खोली मोजायला एका बांबूवर रंगाने फुटांच्या खुणा करा आणि प्रत्येक खड्ड्यात तो उभा करून बघा. तळाचे शेवटचे सहा इंच गड्याकडून साफ करून घ्या, मशीनच्या दातांनी तळ मोकळा होतो. एखाद्या खड्ड्यात जुना गाळ, राखाडी भराव किंवा पाण्याचा झरा दिसला तर तो खड्डा सोडून पुढे जा आणि इंजिनिअरला फोटो पाठवा. त्याचं उत्तर येईपर्यंत बाकीचे खड्डे उरकतात.

यात कसलीही सूट नाही: कडांना आधार किंवा उतार न दिलेल्या खोल खड्ड्यात माणूस उतरवायचा नाही. खोदाईच्या सुरक्षेचं भारतीय मानक, आयएस 3764, दीड मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच फुटांपेक्षा खोल चराला आधार द्यायला सांगतं. काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तितकी दूर ठेवायची. एक घनफूट माती 45 ते 50 किलो भरते. छातीपर्यंत माती आली की माणसाला ओढून काढता येत नाही, श्वासही घेता येत नाही. सेप्टिक टँकच्या आठ फुटी खड्ड्यात "दोन मिनिटं खाली उतरून तळ सारखा कर" असं गड्याला सांगणारे मी पाहिलेत. कडा उतरत्या करून घ्या, मशीनचा अर्धा तास जास्त जाईल. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि जनावरं यांच्यासाठी संध्याकाळी खड्ड्यांभोवती बांबू आणि जुन्या साड्या बांधा.

पैसे देण्याआधी दुसरा फोटो मीटरचा. वजाबाकी ऑपरेटरसमोर करा आणि मालकाला दोन्ही फोटो पाठवून त्यानंतरच रक्कम पाठवा.

भराईला परत तोच माणूस

फुटिंग आणि कॉलम जोत्यापर्यंत आले की मशीन पुन्हा लागतं, साधारण तास-दोन तास. सगळा मुरूम एकदम ढकलला की वर घट्ट दिसतो आणि दोन पावसाळ्यांत फरशी खाली बसते. सहा ते नऊ इंचांचा थर, पाणी, धुम्मसाने ठोकून घट्ट करणं, मग पुढचा थर. ऑपरेटरला हे कंटाळवाणं वाटतं, म्हणून त्या दिवशी मिस्त्रीला तिथेच उभं करा. नव्या कॉलमला बकेट लागणार नाही याकडे मी स्वतः बघतो, कारण ऑपरेटरला मागे बघावं लागतं आणि हेल्परचं लक्ष मोबाइलमध्ये असतं.

काम चांगलं झालं तर ऑपरेटरचाही नंबर घ्या, फक्त मालकाचा नको, आणि नावापुढे गाव लिहून सेव्ह करा. माझ्या फोनमध्ये "जेसीबी" नावाचे सात जण आहेत. त्यातला एक फुटी बकेटवाला कोणता, हे शोधायला मला मागच्या आठवड्यात पाच फोन करावे लागले.